एका दाराच्या दोन किल्ल्या

"भाऊजी, फुली कोणी मोडली?"

सूनबाईने हे विचारलं तेव्हा आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. तिने आवाज चढवला नव्हता. ती चिडली की तिचा आवाज खाली जातो. घरात हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे थोरल्याने लगेच पाण्याचा जग उचलला आणि "भरून आणतो" म्हणत स्वयंपाकघर गाठलं. जग भरलेलाच होता. थोरला माझ्यावर गेला आहे.

"कसली फुली?" धाकट्याने विचारलं.

"सर्व्हरच्या कपाटामागची. मी आईकडे गेले तेव्हा केबल एकमेकींवरून फुलीसारख्या गेल्या होत्या. आज कामावर आले आणि कपाटाच्या जाळीतून बघितलं, तर सगळ्या सरळ. तेल लावून भांग पाडल्यासारख्या."

धाकट्याचा चेहरा खुलला. आपलं कौतुक चाललं आहे असं त्याला खरंच वाटलं. "मस्त झालंय ना? थांबा, फोटो दाखवतो. पाहणी समिती येणार होती ना, त्याच्या आदल्या दिवशी प्रशासक साहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, हा गुंता जरा नीटनेटका करा. प्रत्येक केबल मापात मागवली, वहिनी. एक बोटभरसुद्धा लोंबत नाही."

त्याने फोन तिच्यापुढे धरला. फोटो सुंदर होता, हे मला कबूल केलं पाहिजे. निळ्या केबलच्या दोन जुड्या, सारख्या अंतरावर काळ्या पट्ट्यांनी बांधलेल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. सूनबाईने तो फोन घेतला आणि ताटाशेजारी पालथा ठेवला.

"तुम्ही हॉस्पिटलचा गळा आवळलाय, भाऊजी," ती म्हणाली. "पट्ट्या लावून. सारख्या अंतरावर."

इथे थोडं सांगायला हवं. सूनबाई एका मोठ्या रुग्णालयात सर्व्हर सांभाळते. धाकटा केबल टाकायची कामं घेतो. बरीच वर्षं त्याचं कुठेच बस्तान बसलं नाही, आणि शेवटी त्या रुग्णालयातलं काम मिळालं ते वहिनीने शब्द टाकला म्हणून. मीही आठवड्यातून तीनदा तिथे जातो, पण माझं काम कोणाच्या खिजगणतीत नाही. वॉर्डांमधून पुस्तकांची ढकलगाडी फिरवतो. ज्याला वाचावंसं वाटेल त्याला पुस्तक देतो, बाकीच्यांना त्रास देत नाही. आमचं ग्रंथालय आणि सर्व्हरची खोली यांच्यामध्ये प्लायवूडची एक भिंत आहे. त्यामुळे पुढचं बरंचसं मी ऐकलेलं आहे. यंत्रातलं मला किती कळलं असेल याची शंका आहे, पण सूनबाईने ते त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर इतक्या संतापाने समजावलं, की माझ्यासारख्यालाही विसरता आलेलं नाही.

रुग्णालयाचं सगळं, म्हणजे रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, कोणाला कोणतं औषध चालत नाही ते, डिस्कच्या एका मोठ्या पेटीत साठवलेलं असतं. त्या पेटीत शिरायला दोन कंट्रोलर आहेत. ती त्यांना दारं म्हणाली, आणि आमच्या घरात तेव्हापासून तोच शब्द रुळला. बाहेर दोन सर्व्हर. एक काम करतो, दुसरा त्याच्याकडे डोळे लावून बसतो. पहिला कोसळला की दुसऱ्याने उठायचं. प्रत्येक सर्व्हरमधून दोन केबल निघतात, एक या दाराला, एक त्या दाराला. एक दार बंद पडलं तर सर्व्हर आपोआप दुसऱ्या दाराने आत जातो. वाट बदलली हे कोणाला कळतही नाही. याला ते फेलओव्हर म्हणतात. दोन सर्व्हर, दोन दारं, चार केबल. मध्ये फुली पडणारच. पडायलाच हवी.

धाकट्याने पहिल्या सर्व्हरच्या दोन्ही केबल पहिल्या दाराला लावल्या होत्या, आणि दुसऱ्याच्या दोन्ही दुसऱ्या दाराला.

"पण वाटा दोनच आहेत की," तो म्हणाला. "मी काम संपल्यावर स्क्रीन बघितली ना. प्रत्येकाला दोन वाटा, दोन्ही हिरव्या."

"एका दाराच्या दोन किल्ल्या खिशात असल्या, म्हणून घराला दोन दारं होतात का?"

"स्क्रीन खोटं बोलते का मग?"

"स्क्रीन वाटा मोजते. मी वाटांची नावं वाचली. दोन्हींच्या पुढे एकच दार."

धाकट्याने पालथा फोन उचलून फोटो पुन्हा बघितला. मग त्याला सुचलं, "बरं, दार बंद पडलं असं धरू. दुसरा सर्व्हर आहेच ना? तो कशाला ठेवलाय? शोभेला?"

"दुसरा कधी उठतो? पहिला मेला तर. दार बंद झाल्यावर पहिला मरणार नाही, भाऊजी. तो दाराशी उभा राहून वाट बघत बसेल. त्याला तसंच शिकवलेलं असतं, जरा केबल हलली तर घाबरून हातातलं काम टाकू नये म्हणून. श्वास चालू, नाडी चालू, काम शून्य. दुसरा त्याची नाडी बघेल आणि म्हणेल, आहे की हा धडधाकट! आणि ढिम्म हलणार नाही. एक दाराशी खोळंबलेला, दुसरा त्याच्याकडे बघत बसलेला. आपल्या घरातल्या पुरुषांसारखं आहे ते."

नेमका तेव्हाच थोरला भरलेला जग घेऊन परत आला आणि म्हणाला, "काय झालं?"

सूनबाईने त्याच्या हातून जग घेऊन टेबलावर ठेवला.

"आता उपाय काय?" धाकट्याने विचारलं. त्याचा आवाज उतरला होता.

"सोपा आहे. म्हणूनच तर डोकं फिरतंय. एकेक केबल काढायची, पलीकडच्या दाराला लावायची. काही बंद करायला नको, कोणाला कळायलाही नको. चहा उकळेपर्यंत होईल."

"पोचणार नाहीत," धाकटा खाली बघत म्हणाला. "मापात मागवल्यात. पलीकडच्या दारापर्यंत नाही पोचायच्या."

"जुन्या कुठे आहेत?"

"माझ्या गाडीत."

"देव पावला," सूनबाई म्हणाली, पण तिच्या तोंडावर तसं काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालत होतो. भिंतीपलीकडे प्रशासक आले. रुग्णालयात नर्सा त्यांना आपसात 'इस्त्री' म्हणतात. त्यांच्या कपड्यांवर सुरकुती नसते, टेबलावर कागद नसतो, आणि त्यांना दिसेल अशा जागी कोणी आजारी पडलेलंही त्यांना खपत नाही, असा विनोद आहे.

"सर, कपाटाची किल्ली हवी आहे," सूनबाई म्हणाली.

"कशाला?"

तिने सांगितलं. माझ्या समजुतीप्रमाणे चांगलं सांगितलं. किल्ल्यांचं उदाहरणसुद्धा दिलं.

"समितीने पाहणी केली, कपाटाला सील लावलं, त्यावर सही केली," प्रशासक म्हणाले. "ते फोडू? आणि त्यांना काय सांगू? की तुम्ही बघितलंत ते चुकीचं होतं?"

"हो. चुकीचंच होतं."

"बाई, स्क्रीनवर सगळं हिरवं आहे. हिरव्याला लाल म्हणायची तुम्हाला हौस आहे का?"

"गुरुवारी कंपनीचा माणूस पहिल्या कंट्रोलरची बॅटरी बदलायला येणार आहे. त्यासाठी तो कंट्रोलर बाहेर काढावा लागतो. म्हणजे पहिलं दार बंद. सगळं हॉस्पिटल थांबेल."

"काहीही थांबणार नाही. भर कामाच्या वेळी, समितीच्या समोर तो काढायचा आहे. एवढा खर्च केला त्याचं काय झालं, हे त्यांनाही दिसू दे."

"मग आधी मला चाचणी घेऊ द्या. दवाखान्याला सुट्टी असेल त्या दिवशी. मी स्वतः दार बंद करून बघते."

"आणि त्यात काही झालं तर? चालू यंत्रात बोटं घालायची सवय बरी नाही." मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि प्रशासकांचा आवाज मऊ झाला. "हे बघा, केबलमध्ये चूक असलीच, तर ती केबल टाकणाऱ्याची. त्याचं काम काढून घेऊ आपण. काळ्या यादीत टाकू. तो तुमचा दीर ना? शिफारस कोणाची होती बरं?"

माझ्या हातात कव्हराचा कागद होता, तो मी चुरगाळला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि नेहमीप्रमाणे मस्तकात जाऊन तिथेच विझली. आपण उठावं, त्या दारातून आत जावं आणि त्या माणसाच्या तोंडावर काहीतरी सडेतोड बोलावं, असं मला वाटलं. काय बोलावं हे ठरवेपर्यंत ते निघून गेले होते. कव्हरं बघितली तर दोन पुस्तकांना उलटी घातली होती.

त्या संध्याकाळी घरात जे झालं ते मला आठवायला आवडत नाही.

"समितीला सरळ सांग ना," थोरला म्हणाला. त्याने भांडणात बोललेलं हे माझ्या आठवणीतलं पहिलं वाक्य.

"फोन केला होता. अध्यक्ष म्हणाले, प्रशासकांमार्फत या." सूनबाई धाकट्याकडे वळली. "भाऊजी, आता तुम्हीच. तो माझं ऐकणार नाही, पण तुम्ही त्याचे लाडके आहात. उद्या जा आणि म्हणा, साहेब, एक पट्टी ढिली राहिलीय, समितीसमोर दिसेल. तो धावत किल्ली आणून देईल."

"आणि मी परत फुली घातलेली त्याला दिसणार नाही? आंधळा आहे का तो? विचारेल, मग आधी चुकीचं का केलंस."

"मग सांगा, चुकलं."

"सोपं आहे तुम्हाला! वहिनी, माझं हे पहिलं धड काम आहे. आजवर हात लावला त्याची माती झाली. आता कुठे लोक तो फोटो बघून बोलावतात. उद्या मीच जाऊन सांगू की फोटोतलंच चुकीचं आहे? माझं नाक मीच कापू?"

"नाक! तिथे ऑपरेशनच्या टेबलावर माणूस असेल आणि त्याच्या रक्ताचा गट कोणाला दिसणार नाही, आणि तुम्हाला नाकाची पडलीय! तुम्ही केलंत ते चूक होती. आता जे करताय ती चूक नाही."

"मग काय आहे?"

"शब्द आहे माझ्याकडे. बाबा बसलेत म्हणून बोलत नाही."

"बोला ना! मला काम देऊन उपकार केलेत, ते आता फेडून घ्या!"

"शब्द टाकला तेव्हा वाटलं होतं, माणसासाठी टाकतेय. फोटोसाठी नाही."

धाकटा उठला. खुर्ची पडली. ती उचलायलाही कोणी वाकलं नाही. सूनबाई माझ्याकडे वळली. तिचा आवाज आता इतका खाली गेला होता, की मला कान द्यावा लागला.

"बाबा, तुम्ही बोला. तुमचं तो ऐकेल. एवढी पुस्तकं वाचलीत आयुष्यभर."

मी दोघांकडे बघितलं. धाकट्याची आजवरची सगळी फसलेली कामं माझ्या डोळ्यांसमोर आली. त्याची आई असती तर तिने काय केलं असतं, तेही मनात आलं. आणि मी म्हणालो, "तसं बघितलं तर दोघांचंही बरोबर आहे."

"दोघांचंही बरोबर आहे," सूनबाईने माझे शब्द तसेच परत म्हटले. "त्या यंत्राला हे जाऊन सांगा, बाबा. त्याला फार बरं वाटेल."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. सकाळी चहा दिला, तो कप ठेवला नाही, आपटला.

गुरुवारी मी ढकलगाडी घेऊन वॉर्डात जायला निघालो, पण सर्व्हरच्या खोलीपाशीच थांबलो. खोलीची पुढची बाजू काचेची आहे आणि दार उघडंच होतं. आत समितीची माणसं दाटीवाटीने उभी होती. अध्यक्ष वयस्कर होते, माझ्याच वयाचे असतील. प्रशासकांनी धाकट्यालाही बोलावलं होतं. त्याने कडक शर्ट घातला होता आणि तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. मला बघून त्याने मान फिरवली.

प्रशासकांनी सील काढलं, कपाट उघडलं. समितीतल्या एकाने केबल बघून "वा!" म्हटलं.

कंपनीचा माणूस पहिल्या कंट्रोलरपाशी वाकला. "वाटा तपासल्यात ना?" त्याने विचारलं.

"दोन्ही हिरव्या," प्रशासक म्हणाले.

"हात लावू नका," सूनबाई म्हणाली. ती कपाट आणि तो माणूस यांच्यामध्ये येऊन उभी राहिली. "वाटा दोन दिसतात, पण दोन्ही याच दाराच्या आहेत. हे काढलंत की पहिला सर्व्हर आंधळा होणार. वर ऑपरेशनं चालू आहेत. मी सर्वांसमोर सांगतेय."

अध्यक्षांनी भुवया उंचावल्या. "काय प्रकार आहे हा?"

प्रशासक हसले. "काही नाही, साहेब. केबलचं काम यांच्या दिरांनी केलंय. घरगुती आहे. दीर-भावजयीचं काहीतरी बिनसलंय, ते आपल्या कपाटात आलं."

सगळे हसले. मीही ओशाळून हसलो असेन. हसलो नसेन अशी आशा आहे.

"बाजूला व्हा, बाई," प्रशासक हसू आवरत म्हणाले, पण त्यांच्या डोळ्यांत हसू नव्हतं. कंपनीच्या माणसाला त्यांनी खूण केली. सूनबाईने एकदा धाकट्याकडे बघितलं. तो बुटांकडे बघत होता. ती बाजूला झाली.

कंट्रोलर बाहेर आला. काहीच झालं नाही.

"बघा," प्रशासकांनी हात पसरले, "कोणाला कळलं तरी का?"

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. तो कोणी उचलायच्या आत शेजारचा वाजला. मग बाहेरच्या खोलीतला. औषधांच्या खिडकीवरची मुलगी पळत आली आणि धापा टाकत म्हणाली, "सगळ्या स्क्रीन गोठल्यात! चिठ्ठीच उघडत नाही!" तिच्या मागोमाग ऑपरेशन थिएटरची नर्स आली. हातमोजेसुद्धा तसेच होते. ती कोणालाच उद्देशून नव्हे अशी ओरडली, "रक्ताची पिशवी कोणाशी जुळवलीय ते दिसत नाहीये! डॉक्टर थांबलेत, पोट उघडं आहे!"

"परत बसवा! परत बसवा ते!" प्रशासक ओरडले.

"बसवतो, पण त्याला उठायला वेळ लागतो," कंपनीचा माणूस म्हणाला. "बराच लागतो."

मी पहिल्या सर्व्हरकडे बघितलं. त्याचे हिरवे दिवे अगदी शांतपणे लुकलुकत होते. त्याच्याखाली दुसरा, तोही तसाच. एकाचा श्वास चालू, दुसरा तो मोजत बसलेला. सूनबाईने सांगितलं होतं अगदी तसं.

सूनबाई कोणाला काही न विचारता कपाटामागे गेली. एका हाताने तिने पहिल्या सर्व्हरची विजेची एक वायर धरली, दुसऱ्या हाताने दुसरी, आणि दोन्ही मुळापासून उपसून काढल्या. पहिला सर्व्हर मेला. दिवे विझले, पंखा घरघरत थांबला. क्षणभर काहीच नाही. मग खालच्या सर्व्हरचा पंखा चढत्या आवाजात फिरू लागला, आणि सूनबाई स्क्रीनपुढे बसून, ओठ घट्ट मिटून, वर सरकणाऱ्या ओळी वाचत राहिली.

"थिएटरला जा," ती नर्सला म्हणाली. "पोचेपर्यंत दिसेल. नाही दिसलं तर मला फोन कर, मी तोंडी सांगते."

फोन एकेक करून थांबले.

कोणीतरी "हुश्श" केलं. आणि त्या शांततेत अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही चालू सर्व्हरची वायर काढलीत? आमच्या डोळ्यांदेखत?"

"मी सांगत होतो ना, साहेब," प्रशासक लगेच म्हणाले. त्यांची इस्त्री परत बसली होती. "मनात राग धरून काम करणारी माणसं अशा जागी ठेवायची नसतात. बघितलंत सर्वांनी. इतका मोठा धोका! हिला आजच्या आज..."

समितीतली दोन-तीन माणसं माना हलवू लागली. त्यांचाही काय दोष? दार काढलं तेव्हा काही झालेलं त्यांना दिसलं नव्हतं. एका बाईने चालू सर्व्हरची वायर उपटलेली मात्र सर्वांनी बघितली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते माझ्यासमोर, माझ्या सुनेला देत होते. ती फक्त धाकट्याकडे बघत होती. तो चौकटीला टेकून तसाच उभा होता.

मला पुढचं नीट सांगता येणार नाही. माझी ढकलगाडी उंबऱ्याला धडकली एवढं आठवतं. वरच्या फळीवरची पुस्तकं धडाधड आत सांडली. आणि एक आवाज आला, फाटका, मोठा, वेडावाकडा. तो माझा होता.

"गधड्या! दाराशी काय उभा राहिलास? बोल!"

धाकटा दचकला. त्याला मी लहानपणीही कधी असं बोललो नव्हतो.

"बाबा..."

"बाबा काय बाबा! ती तिथे एकटी उभी आहे! तुझ्यासाठी शब्द टाकला तिने! तोंड शिवलंय का तुझं? बोल, नाहीतर आयुष्यात पुन्हा माझ्याशी बोलू नकोस!"

मी सांडलेल्या पुस्तकांमध्येच उभा होतो. आता आपण पडणार, आणि तेही पुस्तकांवर, असं वाटलं. अध्यक्षांनी विचारलं, "हे कोण?" कोणीतरी म्हणालं, "पुस्तकवाले आजोबा."

धाकटा चौकटीपासून सुटा झाला. शर्टाच्या बाहीने त्याने तोंड पुसलं.

"केबल मी सरळ केल्या," तो म्हणाला. "वहिनींनी लावलेल्या बरोबर होत्या. मी त्या दिसायला चांगल्या दिसाव्यात म्हणून बदलल्या. साहेबांनी सांगितलं म्हणून बदलल्या, पण हात माझे. चूक आहे हे वहिनींनी मला सोमवारीच सांगितलं होतं. साहेबांनाही सांगितलं होतं. आम्हाला दोघांनाही माहीत होतं."

"मी फक्त नीटनेटकं करा एवढंच..." प्रशासक म्हणाले.

"हो. आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढलात."

अध्यक्षांनी खाली वाकून माझं एक पुस्तक उचललं, त्याची धूळ झटकली, आणि मग सूनबाईला विचारलं, "आता काय करायला हवं?"

"मला हे कपाट उघडं हवंय आणि ही गर्दी बाहेर." ती अजूनही तशीच हळू बोलत होती. "भाऊजी, गाडीतल्या जुन्या केबल आणा. पळत जा."

तो पळत गेला. पहिला कंट्रोलर जागा झाल्यावर त्या दोघांनी एकेक करून केबल बदलल्या. ती पोर्टचा नंबर सांगायची, तो लावायचा. त्याच्या सुंदर पट्ट्या तिने कात्रीने कापल्या. प्रत्येक वेळी तो डोळे मिटायचा. शेवटी कपाटामागे परत फुली तयार झाली, वेडीवाकडी, लोंबती. मग तिने पहिला सर्व्हर चालू केला आणि दोघांपुढच्या वाटांची नावं मोठ्याने वाचली.

"आता पहिलं दार काढा," ती म्हणाली.

"मी?" धाकट्याने विचारलं.

"मग कोण? बाबा?"

त्याने ओढलं. आम्ही तिघं फोनकडे बघत उभे राहिलो. फोन वाजला नाही. तिने ते परत बसवायला लावलं, जागं होऊ दिलं आणि दुसरं दार काढायला लावलं. फोन वाजला नाही. या वेळी "वा!" म्हणायला तिथे कोणी नव्हतं.

प्रशासक अजून त्याच खुर्चीत आहेत. चौकशी चालू आहे असं म्हणतात. मला त्यातून काही निघेल असं वाटत नाही. धाकट्याचं काम मात्र त्याच संध्याकाळी गेलं. त्याने फोनमधला फोटो पुसून टाकला आणि दोन दिवस खोलीबाहेर आला नाही. सूनबाईला काढलं नाही, कारण तिच्याशिवाय त्या खोलीत जायला सगळे घाबरतात. तिला एक ताकीद मात्र मिळाली: वायर काढताना वरिष्ठांची परवानगी घेतली नाही म्हणून. ती मला हे सांगताना हसली, पण ते हसू बघून मला पुन्हा तो प्लायवूडच्या भिंतीपलीकडचा मऊ आवाज आठवला, आणि या वेळी माझी आग विझली नाही. अजून विझलेली नाही.

ज्याचं पोट उघडं होतं तो माणूस मला पुढच्या आठवड्यात वॉर्डात भेटला. नर्सने लांबून दाखवला म्हणून कळलं. त्याला काही माहीत नव्हतं. त्याने हलकंफुलकं काहीतरी मागितलं. मी गाडीतलं सगळ्यांत चांगलं पुस्तक शोधायला लागलो तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, कोणतंही द्या हो."

त्या दिवशी घरी आल्यावर मला जरा धीर आला होता. सूनबाई चहा करत होती. मी म्हणालो, "मी बोललो ना शेवटी, त्या दिवशी."

तिने गाळणं कपावर धरलं. सगळा चहा गाळून घेतला.

"बोललात, बाबा," ती म्हणाली. "दार काढून झाल्यावर."

आणि कप माझ्यापुढे आपटला.